भाकड, आटलेली की वसुकलेली?

सुरसागरकाठी

नमस्कार मंडळी. एका शब्दावरून आमच्या घरात चार दिवस वाद चालू आहे, म्हणून इथे विचारते.

आम्ही बडोद्याचे. घर दांडिया बाजारात, गोठा पादऱ्याच्या वाटेवर. पाच गीर गाई आणि तीन सुरती म्हशी आहेत. गावच्या दूध मंडळीतून एक गुजराती पत्रक मिळालं, 'वसूकेलां पशुओनी मावजत'. माझ्या मामेभावाने शिरपूरजवळ नुकत्याच दोन गाई घेतल्या आहेत. त्याला गुजराती वाचता येत नाही, म्हणून त्याच्यासाठी ते पत्रक मराठीत उतरवायला बसले. मथळा लिहिला, 'भाकड जनावरांची निगा'.

नानांनी (सासरे) कागद वाचला आणि तसाच माझ्या हातात परत दिला. म्हणाले, "आपल्या कपिलेला भाकड म्हणतेस? सात महिन्यांची गाभण आहे ती. भाकड म्हणजे कामातून गेलेली. दुसरा शब्द शोध."

मी तर लहानपणापासून 'भाकड' म्हणजे सध्या दूध न देणारी, एवढंच समजत आले. घरात आम्ही 'वसुकली' म्हणतो, पण ते शिरपूरला कळणार नाही. 'आटलेली' लिहू का? तुमच्याकडे गोठ्यात नेमकं काय म्हणतात? आणि भाकड हा शब्द खरंच इतका वाईट आहे का?

---

रावपुरा७८

नाना बरोबर आहेत. 'घरात भाकड गाय बांधल्यासारखं' असं आमची आजी बिनकामाच्या वस्तूला म्हणायची. जिवंत, गाभण जनावराला तो शब्द नको.

---

गोठेकरीण

मी मुळची साताऱ्याकडची, आता संसार आणि गोठा दोन्ही तिकडंच. आमच्याकडं 'भाकड' रोजच्या बोलण्यात आहे आणि त्यात कुणाला वाईट वाटत नाही. "किती दुभत्या, किती भाकड?" हा पाहुण्याचा पहिला प्रश्न. "चार दुभत्या, दोन भाकड, एक कालवड" असं उत्तर देतो. त्या दोन भाकड पुढच्या दोन महिन्यांत व्यायच्या असतात.

पण 'आटणे' आणि 'आटवणे' हे क्रियापद. गाय आपोआप आटली तर 'आटली', आपण ठरवून धार बंद केली तर 'आटवली'. आटवल्यापासून व्यायपर्यंत ती भाकड. पत्रकात दोन्ही शब्द लागतील बघ, एकानं भागणार नाही.

---

चिकाची_वडी

धागा वाचून खरवस खावासा वाटतोय. भाकड काळ संपला की कळवा, डबा घेऊन येते. 🙂

---

सड_आणि_कास

मी पशुवैद्य, धुळे जिल्ह्यात २२ वर्षं काम करतो. शब्दाचं शेवटी बोलतो, आधी ती अवस्था काय ते सांगतो, कारण शब्द तिच्यावरून ठरावा.

गाईचे नऊ महिने नऊ दिवस, म्हशीचे दहा महिने दहा दिवस, हा जुना हिशोब अजूनही बरोबर आहे. गाय साधारण २८० दिवस गाभण राहते, म्हैस ३१० च्या आसपास. त्यातले शेवटचे ६० दिवस तिची धार काढायची नाही. या ६० दिवसांना आमच्या पुस्तकांत 'भाकड काळ' हाच शब्द आहे. पोटातल्या वासराची सगळ्यात जास्त वाढ याच दिवसांत होते. त्याच दिवसांत कासेतल्या दूध तयार करणाऱ्या जुन्या पेशी जाऊन नव्या येतात, आणि शेवटच्या दोन-तीन आठवड्यांत चीक तयार होतो. हा काळ ४० दिवसांच्या खाली गेला की पुढच्या वेताचं दूध घटतं. शेतकऱ्याला वाटतं, दोन महिने फुकट गेले. खरं तर पुढच्या दहा महिन्यांचं दूध त्या दोन महिन्यांत ठरत असतं.

म्हणून माझ्या लेखी 'भाकड' हा अगदी सन्मानाचा शब्द आहे. तोट्याचं जनावर दाखवायचं तर 'वांझ' आहे, 'वारंवार उलटणारी' (फळवूनही गाभ न धरता पुन्हा माजावर येणारी) आहे. त्या वेगळ्या गोष्टी आहेत.

---

रावपुरा७८

@सड_आणि_कास, पुस्तकात असेल डॉक्टर, पण बातम्यांत रोज 'भाकड आणि मोकाट जनावरं' अशी जोडी येते. वाचणाऱ्याच्या मनात तेच बसणार ना?

---

निवृत्त_मास्तर

शब्दावर थोडं लिहितो. लांबेल, सांभाळून घ्या.

अमरकोशात वैश्यवर्गात गाईच्या अवस्थांना एकेक नाव दिलं आहे. एकदाच व्यालेली ती गृष्टी. नुकती व्यालेली ती धेनु. व्यायला बराच काळ लोटलेली ती बष्कयणी. आज आपण कोणत्याही गाईला धेनु म्हणतो, पण मुळात तो ताज्या व्यालेल्या गाईचा शब्द. म्हणजे गाय तीच, आणि वर्षभरात तिचं नाव बदलत जातं.

या बष्कयणीवरून हिंदीत 'बाखड़ी' आहे, असं कोशकार सांगतात. आपल्या 'भाकड'चा ध्वनीही तिच्या जवळचा आणि अर्थही. मला त्यात नातं दिसतं. व्यायला फार दिवस झालेली, म्हणून दूध कमी झालेली, म्हणून दूध बंद झालेली, असा तो अर्थ सरकत आला असावा.

आता नानांच्या बाजूने एक गोष्ट. कठोपनिषदाची सुरुवातच अशा गाईंच्या दानाने होते. त्या पाणी पिऊन, गवत खाऊन, दूध देऊन संपलेल्या आहेत, आणि बाप त्या दान करतोय हे पाहून नचिकेताला राहवत नाही. तेव्हा 'दूध संपलेली गाय' या कल्पनेला उणेपणाची छाया फार पूर्वीपासून आहे. पण त्या गाई पुन्हा कधीच विणाऱ्या नव्हत्या. तुमची कपिला दोन महिन्यांत व्यायची आहे. दोघींना एकच शब्द पुरत नाही, ही खरी अडचण दिसते.

---

माळव्याची_लेक

मास्तरांना अनुमोदन. मी इंदूरची. आमच्याकडे दूध घालणारे दादा 'बाखड़ी' म्हणतात ती भैंस दूध देत असते! व्यायला सहा-सात महिने झालेली, दूध कमी पण दाट. 'बाखड़ी का दूध' आई मुद्दाम मागून घ्यायची, साय जाड यायची म्हणून. लग्न होऊन नगरला आले आणि सासूबाई म्हणाल्या, "म्हैस भाकड झाली." मी विचारलं, "मग आज साय जास्त येईल ना?" सासूबाई माझ्याकडे बघतच राहिल्या.

---

गोठेकरीण

@माळव्याची_लेक, तुझी आई बरोबर होती. वेताच्या शेवटी दूध कमी होतं पण फॅट चढतं. डेअरीत लिटरमागं भाव जास्त मिळतो, म्हणूनच लोकांना आटवायचा जीव होत नाही. पण अगदी शेवटी चव बदलते, किंचित खारट लागतं. माझी सासू धार काढताना दोन थेंब तळहातावर घेऊन चाटायची. खारट लागलं की म्हणायची, "बास. आता तिचं तिला राहू दे."

चरवीतला आवाजही बदलतो. व्यालेल्या गाईची धार फेसात 'घुर्र घुर्र' वाजते. आटायला आली की चरवीचा तळ वाजतो, टिण टिण. मला अंधारातसुद्धा त्या आवाजावरून कळतं कुठली गाय आटवायला झाली ते.

---

खान्देशी_ठेचा

काय सुंदर लिहिलंय ताई. +१

---

पुण्याचा_वाचक

एक शंका. 'वसुकली' हा तर सरळ गुजराती शब्द. मराठीत भाकड, आटलेली असे दोन चांगले शब्द असताना तो कशाला आणायचा?

---

खंडेराव_मार्केट

@पुण्याचा_वाचक, कारण आमच्या घरात तो चार पिढ्या मराठी म्हणूनच नांदतोय. आम्ही 'गाय वसुकली', 'वसुकायला आली', 'वसुकवली' म्हणतो. शब्द गुजराती, प्रत्यय सगळे मराठी. बडोद्यात गोठा ठेवणारा मराठी माणूस दूध 'भरायला' जातो, 'घालायला' नाही, कारण मंडळीत 'दूध भरवुं' म्हणतात. गोठ्यात काम करणारी माणसं गुजराती, खाणदाणाच्या पोत्यावरची अक्षरं गुजराती, डॉक्टर गुजराती. गाईशी बोलताना मात्र आमची आजी मराठीच बोलायची.

आणि गंमत ऐका. माझी बायको रत्नागिरीची. तिकडे 'पाडी' म्हणजे गाईची वासरी. बडोद्यात 'पाडी' म्हणजे म्हशीची. लग्नानंतर पहिल्याच महिन्यात गड्याने फोन केला, "पाडी आवी छे." ही बाई हळदकुंकू आणि ओवाळणीचं ताट घेऊन गोठ्यात गेली आणि समोर काळं कुळकुळीत रेडकू! तिने त्यालाच ओवाळलं. आजीला इतका आनंद झाला की त्या पारडीचं नाव सुनेच्या नावावरून ठेवलं.

---

पुण्याचा_वाचक

@खंडेराव_मार्केट, पटलं. शब्द मागे घेतो. वसुकली छान आहे.

---

चिकाची_वडी

बडोद्यात खरवसाला 'बळी' म्हणतात हे खरं का?

---

खंडेराव_मार्केट

खरं. बळी. आम्ही वेलची आणि जायफळ दोन्ही घालतो.

---

सड_आणि_कास

खरवसाचा विषय निघालाच आहे तर एक कळकळीची विनंती. पहिला चीक वासराचा. माणसाच्या बाळाला आईच्या पोटातच थोडी रोगप्रतिकारशक्ती मिळते, वासराला ती मिळत नाही. त्याला जे मिळतं ते सगळं चिकातून. आणि ते आतड्यात शोषलं जाण्याची ताकद जन्मानंतर २४ तासांत जवळजवळ संपते. म्हणून पहिल्या काही तासांतच वासराच्या वजनाच्या दहाव्या हिश्शाइतका चीक त्याच्या पोटात गेला पाहिजे. ३० किलोचं वासरू असेल तर तीन लिटर. त्यानंतर उरेल त्याचा खरवस खुशाल करा, मलाही पाठवा.

---

चिकाची_वडी

लक्षात ठेवीन डॉक्टर. दुसऱ्या दिवसाच्या चिकावर भागवेन.

---

बांधावरून

मी वाचत होतो, लिहायचं नव्हतं, पण या शब्दाने माझं नुकसान केलंय म्हणून लिहितो.

सहा वर्षांपूर्वी वडिलांच्या आजारपणात पैशाची गरज पडली. एक गाय होती, दुसऱ्या वेताची. दूध बंद होऊन महिना झाला होता. बाजारात नेली. व्यापाऱ्याने कासेला हात लावला आणि मोठ्याने म्हणाला, "भाकड आहे." आजूबाजूचे पुढे सरकत होते ते तिथेच थांबले. मी म्हणालो गाभण आहे, पण माझ्याकडे तपासणीचा कागद नव्हता. तो एकच शब्द धरून बसला. शेवटी १८,००० ला दिली. सात आठवड्यांनी कळलं की ती व्याली, आणि पलीकडच्या गावात तीच गाय ५५,००० ला गेली. पैसे जायचे ते गेले. पण मी तिला सकाळ-संध्याकाळ पेंड चारली होती, ती पोटात वासरू घेऊन माझ्याच हाताने दुसऱ्याच्या दाव्याला बांधली, हे अजून सलतं.

म्हणून मास्तर म्हणतात ते मला पटतं. भाकडसुद्धा दोन प्रकारची. एक गाभण भाकड, एक रिकामी भाकड. बाजारात हे दोन वेगळे शब्द मोठ्याने बोलायला शिका, आणि गाभण तपासणीचा कागद खिशात ठेवा.

---

गोठेकरीण

@बांधावरून, वाचून गलबलून आलं दादा. 'गाभण भाकड' हा शब्द आमच्याकडं आहे. पत्रकात हाच घालावा असं मला वाटतं.

---

आकडेमोड

या धाग्याला उपयोगी पडेल अशी एक माहिती. २०१९ च्या २० व्या पशुगणनेत देशात गोवंश १९.२५ कोटी आणि म्हशी १०.९८ कोटी नोंदल्या आहेत. त्यात गाई-म्हशी मिळून 'दुधाळ' जनावरांचा आकडा १२.५३ कोटी आहे, आणि हा आकडा दुधात असलेल्या आणि भाकड अशा दोन्ही धरून आहे. म्हणजे गणना करणारा दारात येतो तेव्हा नानांच्या कपिलेचं आज थेंबभर दूध नसलं तरी ती दुधाळमध्येच मोजली जाते.

---

रावपुरा७८

@आकडेमोड, हे माहीत नव्हतं. माझा विरोध निम्मा गळाला.

---

सुरसागरकाठी

सगळ्यांचे प्रतिसाद नानांना वाचून दाखवले. मास्तरांचं नचिकेताचं वाचताना ते डोळे मिटून ऐकत होते. पशुगणनेचं ऐकल्यावर म्हणाले, "हे चांगलं आहे." बांधावरून यांचा प्रतिसाद मात्र मला पूर्ण वाचवेना.

आता एक तातडीचं. डॉक्टरांचं ६० दिवसांचं वाचून मामेभावाला फोन केला. त्याची एक गाय साडेसात महिन्यांची गाभण आहे आणि तो अजून दोन्ही वेळा धार काढतोय! दिवसाला तीन लिटर. म्हणतो, "देतेय तोवर काढतो, भाकड झाली की आपोआप कळेलच." काय सांगू त्याला?

---

सड_आणि_कास

आजच आटवायला घ्या, उशीर झालाच आहे. साडेसात महिने म्हणजे हातात जेमतेम ५० दिवस.

सरकी-पेंड, आंबोण दोन-तीन दिवस बंद. सुका चारा आणि पाणी चालू. पाणी तोडू नका, जुने लोक तोडतात, त्याने गाभाला त्रास होतो. तीन लिटरच आहे म्हणजे फार ओढाताण होणार नाही. एक दिवस एकच वेळ धार काढा, मग शेवटची धार अगदी निपटून काढा आणि तिथून कासेला हात नाही. त्या शेवटच्या धारेनंतर चारही सडांत औषधाची नळी सोडायची, ती जवळच्या पशुवैद्याकडून, मनाने नाही. त्या दिवशी तिला अर्धा तास उभीच राहू द्या, समोर चारा टाका, म्हणजे सडाची तोंडं मिटेपर्यंत ती शेणात बसणार नाही. दोन-चार दिवस कास तट्ट फुगेल. माणूस घाबरून पुन्हा पिळतो आणि तिथेच चुकतं. फुगलेली कास आपोआप उतरते, दूध शरीरात जिरतं. मात्र कास गरम लागली, एखादा सड दुखला किंवा गाठ आली, तर ती दगडी, म्हणजे कासदाह. मग लगेच डॉक्टर.

आणखी एक. व्यायच्या आधीचे तीन आठवडे कॅल्शियमच्या बाटल्या पाजू नका. लोक मायेने पाजतात. पण बाहेरून आयतं मिळालं की हाडांतलं कॅल्शियम काढायची शरीराची सवय मोडते, आणि व्याल्यावर एकदम दूध सुटलं की गाय दुग्धज्वराने आडवी होते. त्या तीन आठवड्यांत खुराक मात्र हळूहळू वाढवायचा.

---

खान्देशी_ठेचा

मी शिरपूरचाच. आमच्याकडेही 'भाकड' म्हणतात, तुमच्या भावाला बरोबर कळेल. 'गाभण भाकड' तर फारच नीट कळेल.

---

निवृत्त_मास्तर

एक सुचवतो. मथळ्यात अवस्था आली की शब्दाचा डंख जातो. 'भाकड गाय' म्हटलं की गाईला शिक्का बसतो. 'भाकड काळ' म्हटलं की तो येतो आणि जातो.

(भाकडकथेबद्दल कुणी विचारण्याआधी सांगतो. दूध नसलेली गाय तशी सार नसलेली गोष्ट. तिथे मात्र गाभण असण्याची सोय नाही.)

---

रावपुरा७८

मास्तर, 'भाकड काळ' शंभर टक्के. राहिलेला निम्मा विरोधही मागे.

---

सुरसागरकाठी

आठ दिवसांनी लिहिते आहे. पत्रक पूर्ण झालं. मथळा: 'गाभण गाई-म्हशींचा भाकड काळ आणि त्यातली निगा'. पहिलं वाक्य गोठेकरीणताईंच्या सासूबाईंचं घेतलं आहे, 'आता तिचं तिला राहू दे.' ताई, चालेल ना? नानांनी वाचून खाली पेन्सिलीने एक ओळ वाढवली: 'या दिवसांत तिला उन्हात लांब चालवू नये आणि दुसऱ्या जनावरांनी ढुशी मारू नये म्हणून वेगळी बांधावी.' गुजराती पत्रकात ही ओळ नव्हती.

कपिला बरी आहे, वेगळी बांधली आहे. मामेभावाने सोमवारी शेवटची धार काढली आणि तिथल्या डॉक्टरांकडून नळ्या सोडून घेतल्या. मंगळवारी रात्री कास बघून त्याचा रडवेला फोन, "ताई, फुटेल ही, थोडं काढू का?" मी म्हटलं, हात लावू नकोस. आज सकाळी म्हणाला, कास उतरायला लागली.

---

गोठेकरीण

चालेल काय, सासूबाईंना फोनवर वाचून दाखवलं. म्हणाल्या, "माझं बोलणं छापलं होय?"

---

सड_आणि_कास

@सुरसागरकाठी, उत्तम. त्याला अजून आठवडाभर रोज सकाळी चारही सडांवरून पालथा हात फिरवायला सांगा. पिळायचं नाही, फक्त हात फिरवायचा. एखादा भाग बाकीच्यांपेक्षा गरम लागला तर त्याच दिवशी डॉक्टरांना बोलवा.